शेवटच्या नळापर्यंत गरम पाणी

पीएलसी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लॅबमधलं ते ट्रेनर किट येतं. ट्रॅफिक सिग्नलचे तीन दिवे, लिफ्टचं मॉडेल, बाटल्या भरणारा कन्व्हेयर. प्रॅक्टिकल झालं, जर्नलवर सही झाली, व्हायवात ‘स्कॅन टाइम म्हणजे काय?’ याचं उत्तर दिलं की विषय संपला! पण हाच पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, आपल्या हॉस्टेलवाल्यांच्या अगदी जिव्हाळ्याच्या प्रश्नात उपयोगी पडू शकतो. तो प्रश्न म्हणजे सकाळचं गरम पाणी. या लेखात त्याचाच थोडा अभ्यास करू.

गेल्या उन्हाळ्यात मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका छोट्या पॅनेल वर्कशॉपमध्ये इनप्लांट ट्रेनिंग केलं. मोटर स्टार्टर, पंपांची पॅनेलं अशी कामं तिथे चालायची. मधूनच एखाद्या सोसायटीचं नाहीतर लॉजचं गरम पाण्याचं पॅनेल दुरुस्तीला यायचं. त्या पॅनेलांवरून मला जे कळलं, ते आपल्या पुस्तकात सापडलं नव्हतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

गच्चीवर सोलर, बादलीत रॉड

आपल्या भागात सोलर वॉटर हीटर नवा नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी २००० नंतरच्या पहिल्या दशकातच नव्या इमारतींना सोलर वॉटर हीटर बसवण्याची अट घातली. ठाण्यात तर सोलर वापरणाऱ्यांना मालमत्ता करात सवलतही देऊ केली होती. केंद्र सरकारने २००८ च्या सुमारास ‘सोलर सिटी’ योजना आणली, तेव्हा महाराष्ट्रातल्या शहरांच्या यादीत नागपूरबरोबर ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीही होती. शहरातली पारंपरिक विजेची आणि इंधनाची अंदाजित मागणी पाच वर्षांत किमान १० टक्क्यांनी कमी करायची, असं त्या योजनेचं उद्दिष्ट होतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही सौर पाणीतापक आणि गच्चीवरची सौरवीज यांच्यासाठी वेगळं कलम आहे.

म्हणजे नियमाने पॅनेल गच्चीवर पोचलं. पण ते गरम पाणी शेवटच्या बाथरूमच्या नळापर्यंत पोचतं का, हे नियम बघत नाही. पाणी गच्चीवरून खाली येतं. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या मंडळींना वाफाळतं पाणी आणि तळमजल्याच्या टोकाच्या बाथरूममध्ये गारच, हा अनुभव कुठल्याही हॉस्टेलात विचारा, मिळेल. मग तळमजल्यावरचा मुलगा काय करतो? बाजारातून हीटिंग रॉड आणतो, बादलीत टाकतो आणि वायर पंख्याच्या बोर्डावर खुपसतो. ओली फरशी, अनवाणी पाय, अर्थिंगचा पत्ता नाही. रॉडचं वेष्टण कुठे तडकलेलं असेल, तर बादलीतलं पाणी तपासायला घातलेला हात शेवटचा ठरू शकतो. रेक्टर सर रॉड जप्त करतात, पण आठवड्याभरात नवे येतात. माझ्या मते रॉड बंद करायचा उपाय जप्ती नाही, शेवटच्या नळाला वेळेवर गरम पाणी येणं हाच आहे. त्यासाठी आधी थोडं गणित.

आकडेमोड

समजा हॉस्टेलात १०० मुलं आहेत आणि माणशी २० लिटर गरम पाणी धरलं. म्हणजे रोज २००० लिटर. पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसला न्यायचं, म्हणजे ३५ अंशांची वाढ. पाण्याची विशिष्ट उष्णता किलोला ४.१८६ किलोज्यूल. गुणाकार करून ३६०० ने भागलं की उत्तर येतं साधारण ८१ युनिट. रोजचे ८१ युनिट, आणि तेही गळती न धरता! महिन्याचं बिल तुम्हीच काढा.

हेच काम उन्हाने करायचं, तर सपाट पॅनेलच्या बाबतीत १०० लिटरला साधारण २ चौरस मीटर असा ठोकताळा आहे. म्हणजे ४० चौरस मीटर पॅनेल. ठाण्याचं अक्षांश सुमारे १९.२ अंश उत्तर. २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर येतो, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तिरकं ठेवतात.

इथे एक गंमत लक्षात घ्या. आपल्याला वाटतं, थंडीत सोलर कमी पडेल. पण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे पॅनेल छान चालतं. खरी पंचाईत जुलै-ऑगस्टमध्ये होते. आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही, आणि मुलं भिजून येतात ती गरम पाण्याच्या आशेने. त्यामुळे ‘दिवाळी ते होळी हीटर चालू, बाकी बंद’ असं कॅलेंडर लावून हे काम होत नाही. टाकीतलं पाणी खरोखर किती गरम आहे, हे विचारूनच निर्णय घ्यावा लागतो.

थर्मोस्टॅट असताना कंट्रोलर कशाला?

हा प्रश्न मीही वर्कशॉपमधल्या वायरमन काकांना विचारला होता. काका म्हणाले, “अरे, थर्मोस्टॅटला घड्याळ नसतं आणि खिडकीही नसते.” मला आधी कळेना. मग त्यांनी पॅनेलच्या दारावरच खडूने लिहून दाखवलं.

सकाळी ९ वाजता सगळ्यांच्या अंघोळी झालेल्या असतात. टाकीत गार पाणी भरतं. थर्मोस्टॅट बघतो, पाणी गार आहे, आणि लगेच बॅकअप हीटर लावतो. ऊन चांगलं तापेपर्यंत विजेनेच पाणी बरंचसं गरम झालेलं असतं. आता पॅनेलवर कितीही ऊन पडलं तरी आधीच तापलेल्या टाकीत ते उष्णता घालणार किती? म्हणजे गच्चीवर ४० चौरस मीटरचं सोलर आहे, ऊन फुकट आहे, आणि तरी बिल गीझरचंच! थर्मोस्टॅटची यात चूक नाही. त्याला एवढंच सांगितलंय की पाणी गार झालं की तापव. ‘थांब, दोन तासांनी ऊन येणार आहे आणि पाणी उद्या पहाटेच लागणार आहे’ हे त्याला कोण सांगणार?

तर मित्रांनो, गरम करायला थर्मोस्टॅट पुरतो, थांबायला कंट्रोलर लागतो. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आमच्याकडे गावी अजूनही तांब्याचा बंब आहे. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर येतं. टाकीत गरम पाणी वर आणि गार पाणी खाली राहतं, हे आपल्या पुस्तकातलं तत्त्व बंबाने केव्हाच वापरलंय. पण बंबात अक्कल नव्हती, अक्कल आजीत होती. कोण किती वाजता उठणार, पाहुणे किती, सरपण ओलं की सुकं, हे बघून ती जाळ घालायची, आणि शेवटच्याची अंघोळ व्हायच्या आधीच जाळ ओढून घ्यायची. उरलेल्या निखाऱ्यांवर काम भागायचं. इनपुट वाचणं, ठरवणं आणि कृती करणं, ही पीएलसीची तिन्ही कामं आजी करायची. पीएलसी हीच फेरी काही मिलिसेकंदांत पुरी करतो आणि दिवसभर करत राहतो, एवढाच फरक!

शिडीच्या पाच पायऱ्या

पीएलसीचा जन्म मोटार कारखान्यातला. १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला रिलेंनी भरलेल्या मोठमोठ्या पॅनेलांना पर्याय हवा होता. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात मॉडिकॉन ०८४ हा कंट्रोलर तयार केला. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनना सवय होती ती रिलेच्या आकृत्यांची. म्हणून प्रोग्रॅमही तशाच शिडीच्या आकृतीत लिहायची पद्धत पडली, तेच आपलं लॅडर लॉजिक. गरम पाण्याच्या सिस्टिमची शिडी साधारण पाच पायऱ्यांची असते.

पायरी पहिली, सोलर पंप. मोठ्या सिस्टिममध्ये पाणी पॅनेलमधून पंपाने फिरवतात. पॅनेलचं तापमान टाकीच्या तळापेक्षा ८ अंशांनी जास्त झालं की पंप सुरू आणि फरक ३ अंशांवर आला की बंद. मधलं ५ अंशांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. ते नसेल तर ढग आला-गेला की कॉन्टॅक्टर टकटक करत बसेल आणि लवकरच त्याचे पॉइंट जळतील.

पायरी दुसरी, बॅकअप हीटर. इथे घड्याळ येतं. २००० लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे २.३ युनिट लागतात. हीटर १२ किलोवॅटचा असेल तर अंशाला साधारण १२ मिनिटं. पहाटे ५ वाजता टाकी ५५ अंशांवर हवी आहे आणि रात्री २ वाजता ती ४५ वर आहे, तर तूट १० अंशांची, म्हणजे दोन तास. कंट्रोलर ३ वाजता हीटर लावेल. तूट ५ अंशांची असेल तर ४ वाजता. आणि टाकी ५५ च्या वर असेल तर हीटर लागणारच नाही. सकाळी ९ ते दुपारी ४ हीटरला मनाई, म्हणजे तो उन्हाचं काम पळवणार नाही.

पायरी तिसरी, फिरता पंप, शेवटच्या नळासाठी. २५ मिलिमीटर व्यासाचा ५० मीटर पाइप धरला तर त्यात जवळजवळ २५ लिटर पाणी मावतं. रात्रभरात ते गार होतं. टोकाच्या बाथरूममधला मुलगा हे सगळं गटारात सोडतो, तेव्हा कुठे त्याला गरम पाणी मिळतं. एक बादली पाणी वाया आणि पाच मिनिटं कुडकुडणं! यावर उपाय म्हणजे टोकापासून टाकीपर्यंत परतीचा पाइप टाकायचा आणि त्यावर छोटा पंप बसवायचा. सकाळी ५ ते ९ मध्ये परतीचं पाणी ४० अंशांच्या खाली गेलं की पंप सुरू, ४५ झालं की बंद. इतर वेळी हा पंप बंदच, नाहीतर पाइपातून उष्णता रात्रभर भिंतींना वाटली जाते. पाइपवर इन्सुलेशन हवंच, हे सांगायला नको.

पायरी चौथी, पाण्याची पातळी. ठाण्यात काय नि कल्याण-डोंबिवलीत काय, पाण्याचा शटडाऊन कुणाला नवीन नाही. टाकीत पाणी कमी आणि हीटर चालू, म्हणजे हीटर जळणार. म्हणून पातळीचा फ्लोट स्विच असा जोडायचा की पाणी पुरेसं असतानाच संपर्क जुळेल. वायर तुटली तरी कंट्रोलरला ‘पाणी नाही’ असंच वाटेल आणि हीटर बंद राहील. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, हा धडा लॅबमध्ये आपण वाचतो, इथे तो कामाला येतो.

पायरी पाचवी, जंतू. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची मोठी साथ आली. त्यातून लिजिओनेला या जिवाणूचा शोध लागला. तो साधारण २० ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि ६० अंशांना फार काळ टिकत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी सगळी टाकी ६० च्या वर न्यायची पायरी ठेवतात. मात्र ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. नळाला जाण्याआधी त्यात गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवणं आवश्यक आहे.

सेन्सर खोटं बोलला तर?

कंट्रोलर कितीही हुशार असला तरी तो सेन्सरच्या शब्दावर चालतो. आपला ओळखीचा पीटी-१०० घ्या. शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशांना १३८.५ ओहम, म्हणजे अंशाला सुमारे ०.३८५ ओहम. आता गच्चीवरून खालच्या पॅनेलपर्यंत ३० मीटर केबल, जाऊन-येऊन ६० मीटर. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीचा रेझिस्टन्स साधारण १ ओहम. दोन तारांची जोडणी केली असेल तर हा १ ओहम सेन्सरमध्येच मिळवला जातो आणि तापमान अडीच अंशांहून जास्त दिसतं. पहिल्या पायरीत आपण ३ अंशांवर पंप बंद करतोय हे आठवा! म्हणजे उष्णता मिळत नसताना पंप फिरत राहणार. म्हणून तीन तारांचा पीटी-१०० वापरायचा. व्हायवात हा प्रश्न आला तर आता उत्तर पाठ करावं लागणार नाही.

वर्कशॉपमध्ये आलेल्या एका पॅनेलची तक्रार अशी होती, की ‘रात्री टाकी गरम, पहाटे गार’. सोसायटीवाल्यांना वाटत होतं की टाकीचं इन्सुलेशन गेलं. काकांनी आधी सेन्सरची वायर तपासायला सांगितली. ती गच्चीवर उन्हा-पावसाने तुटली होती. सर्किट उघडं पडलं की बऱ्याच मॉड्यूलमध्ये तापमान कमाल मर्यादेला दिसतं. कंट्रोलरला वाटलं, पॅनेल भट्टीसारखं तापलंय, आणि त्याने रात्रभर पंप चालवला. टाकीतलं गरम पाणी पॅनेलमधून फिरत राहिलं आणि थंड आभाळाखाली निवत गेलं. हार्डवेअर काहीच बदलायचं नव्हतं. वायर जोडली आणि प्रोग्रॅममध्ये एक पायरी वाढवली. तापमान १२० च्या वर किंवा शून्याच्या खाली दिसलं तर सेन्सर खराब समजायचा, पंप बंद करायचा आणि लाल दिवा लावायचा.

आणि एक गोष्ट कधीच प्रोग्रॅमवर सोडायची नाही, ती म्हणजे जिवाची सुरक्षितता. तापमान हाताबाहेर गेलं तर हीटर तोडणारा कटआउट, प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग, हे सगळं पीएलसीच्या बाहेर, थेट वायरिंगमध्ये हवं. प्रोग्रॅम अडकला, आउटपुटचा रिले चिकटला, तरी यांनी आपलं काम केलंच पाहिजे.

तिकडे आणि इकडे

थंड देशांत याच विचारावर सगळं घर गरम ठेवतात. तिथला बॉयलर एकीकडे अंघोळीचं पाणी तापवतो आणि दुसरीकडे खोल्यांमधल्या रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरवतो. घराबाहेर एक सेन्सर असतो. बाहेर जितकी थंडी, तितकं रेडिएटरचं पाणी जास्त गरम आणि हवा सुधारली की पाणी आपोआप कोमट. घरात त्यासाठी सहसा तयार छोटा कंट्रोलर असतो, मोठ्या इमारतीत पीएलसी किंवा त्याच्यासारखी यंत्रणा. आपल्याला रेडिएटर नको, पण शिकायचं ते हेच, की उष्णता गरजेपुरती, गरजेच्या वेळी आणि गरजेच्या जागी.

कुणी म्हणेल, एवढ्यासाठी पीएलसी कशाला, मायक्रोकंट्रोलरवर स्वस्तात होईल. होईल की! प्रोजेक्ट म्हणून उत्तमच होईल. पण आपली बॅच मे महिन्यात पास होऊन जाते आणि पॅनेल भिंतीवरच राहतं. पुढच्या जुलैत बिघाड झाला तर आपला कोड कोण उघडणार? शिडीची आकृती पॅनेलच्या दारामागे चिकटवलेली असली, तर हॉस्टेलचे वायरमन काका बोट ठेवून सांगू शकतात की अडलंय कुठे. गरम पाण्याची सिस्टिम एका सेमिस्टरपुरती नसते, दहा वर्षं चालायची असते.

आणखी एक मुद्दा, तांत्रिक नाही पण महत्त्वाचा. संध्याकाळी खेळून आलेल्यांनी गरम पाणी वापरायचं की नाही? वापरलं तर पहाटेची तूट वाढते आणि हीटर जास्त चालतो. परीक्षेच्या काळात पहाटे ४ ला पाणी हवं का? हे प्रोग्रॅमरने एकट्याने ठरवायचे प्रश्न नाहीत. कारण कंट्रोलरमध्ये भरलेला प्रत्येक आकडा म्हणजे कुणाला पाणी मिळणार आणि कुणाला नाही याचा निर्णय असतो. तो रेक्टर सर, मेस-हॉस्टेल कमिटी आणि मुलांनी मिळून घ्यावा आणि नोटीस बोर्डावर लावावा.

आपल्या हॉस्टेलसाठी माझी सूचना एवढीच. पीएलसी घ्यायच्या आधी एक आठवडा रोज तीन वेळा तीन तापमानं वहीत लिहा. टाकीच्या वरचं, तळाचं आणि शेवटच्या नळाचं. शेजारी मीटरचं रीडिंग लिहा. बॅकअप हीटर सकाळी ९ नंतर लागतो का ते बघा. लागत असेल तर साध्या टायमरनेच निम्मं काम होईल, त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. उरलेलं निम्मं काम पीएलसीवर करू, आणि ज्यांना फायनल इयरचा प्रोजेक्ट हवा आहे त्यांना तो गच्चीवरच सापडेल. तळमजल्याच्या टोकाच्या बाथरूममध्ये सकाळी साडेसहाला नळ उघडल्याबरोबर ४० अंशांचं पाणी आलं, आणि महिन्याभरात रेक्टर सरांना एकही रॉड सापडला नाही, की समजायचं प्रोजेक्ट पास झाला.